शिरेतून अन्न देताना रक्तात काय घडतं?



वस्तीतलं कुणी दवाखान्यात ॲडमिट असलं की भेटायला जाणारा प्रत्येक जण विचारतो, "जेवतोय का?" बऱ्याचदा उत्तर येतं, "तोंडानं काही जात नाही, पण सलाईन चालू आहे." ऐकणाऱ्याला बरं वाटतं. पोटाची सोय झाली असं समजून तो घरी येतो.

हा समज मोठा आहे आणि त्याची किंमतही मोठी आहे. सलाईन म्हणजे जेवण नव्हे. आणि खरोखरीचं जेवण शिरेतून द्यायची वेळ येते तेव्हा तो एक मोठा उपचार असतो. ऑपरेशनइतकीच त्यावर नजर ठेवावी लागते. या दोन्ही गोष्टी आपल्या घराघरांत माहीत असायला हव्यात, कारण उशाशी बसणारं माणूस आपल्याच घरातलं असतं.

बाटलीत किती जेवण असतं?

आधी साधा हिशेब करू. नॉर्मल सलाईनच्या ५०० मिलीच्या बाटलीत पाणी आणि साडेचार ग्रॅम मीठ असतं. त्यात ताकद देणारं काहीही नसतं. ५ टक्के ग्लुकोजच्या ५०० मिलीच्या बाटलीत २५ ग्रॅम साखर असते, म्हणजे साधारण पाच चमचे. त्यातून सुमारे ८५ कॅलरी मिळतात. ज्वारीच्या एका मध्यम भाकरीतून याच्या दुप्पट कॅलरी मिळतात आणि वर थोडी प्रथिनंही मिळतात. म्हणजे ग्लुकोजची एक बाटली अर्ध्या भाकरीएवढी.

५० किलो वजनाच्या आजारी माणसाला दिवसाला साधारण १२५० ते १५०० कॅलरी लागतात. चार बाटल्या लावल्या तरी ३४० होतात. प्रथिनं शून्य, तेल-तूप शून्य, जीवनसत्त्वं शून्य. जुलाब-उलट्यांनी शरीर सुकलं असेल, रक्तदाब उतरला असेल, तर हीच बाटली जीव वाचवते. तिचं काम पाणी आणि क्षार भरून काढण्याचं आहे. आठवडाभर फक्त सलाईनवर असलेला माणूस आठवडाभर उपाशी आहे, हे लक्षात ठेवा.

खरं "शिरेतलं जेवण" म्हणजे काय?

दवाखान्यात त्याला टीपीएन म्हणतात. एक मोठी, बहुधा पांढऱ्या दुधासारख्या रंगाची पिशवी असते. तिच्यात ग्लुकोज, प्रथिनांचे घटक म्हणजे अमिनो ॲसिड, स्निग्ध पदार्थ आणि क्षार असतात. हे मिश्रण इतकं घट्ट असतं की हाताच्या बारीक शिरेला ते सोसत नाही. म्हणून मानेजवळच्या किंवा गळपट्टीच्या हाडाखालच्या मोठ्या शिरेत नळी घालावी लागते. तिला सेंट्रल लाईन म्हणतात.

ही पद्धत १९६० च्या दशकात अमेरिकेतल्या पेनसिल्व्हेनिया विद्यापीठात डॉ. स्टॅनली डुड्रिक आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी सिद्ध केली. कुत्र्याची पिल्लं फक्त शिरेतून अन्न देऊनही वाढतात हे त्यांनी आधी दाखवलं. नंतर आतडं निकामी घेऊन जन्मलेल्या एका बाळाला याच पद्धतीनं वाढवलं. त्याआधी ज्याचं आतडं गेलं, तो उपासमारीनं जायचा.

आज आतडं फाटलेलं असेल, पीळ पडून ते बरंचसं कापावं लागलं असेल, टीबीमुळे आतड्याची वाट बंद झाली असेल, किंवा बाळ फारच अपुऱ्या दिवसांचं असेल, तर टीपीएनचा आधार घेतला जातो. त्याला घाबरायचं कारण नाही. पण एक नियम जगभरचे डॉक्टर पाळतात: आतडं चालत असेल तर आतड्यातूनच अन्न द्यायचं.

इथे आपल्या लोकांचा एक गैरसमज आड येतो. नाकातून नळी घालतो म्हटलं की नातेवाईक नको म्हणतात, "हाल होतील" म्हणतात, आणि शिरेतून द्या म्हणून हट्ट धरतात. खरं तर आतडं चालत असेल तर नाकातली नळी जास्त सुरक्षित, जास्त स्वस्त आणि शरीराला जास्त मानवणारी असते. डॉक्टर नाकातली नळी सुचवत असतील तर मोडता घालू नका.

त्रास का होतो?

तोंडानं खाल्लेल्या घासावर शरीराचे तीन पहारे असतात. पहिला पहारा भुकेचा. पोट भरलं की हात थांबतो. दुसरा आतड्याचा. ते अन्न हळूहळू रक्तात सोडतं. तिसरा यकृताचा, म्हणजे लिव्हरचा. आतड्यातून निघालेलं रक्त आधी यकृतात जातं आणि तिथे बरीचशी साखर साठवली जाते. शिरेतून दिलेलं अन्न हे तिन्ही पहारे चुकवून थेट हृदयाकडे जातं. किती आणि किती वेगानं जायचं ते पंपावर लिहिलेला आकडा ठरवतो. तो आकडा शरीराला मानवतोय की नाही, हे फक्त रक्ताच्या तपासणीतून कळतं.

साखर चढणं आणि उतरणं

सगळ्यात जास्त आढळणारा त्रास म्हणजे रक्तातली साखर वाढणं. ज्याला कधीच शुगर नव्हती त्याचीही वाढू शकते, कारण आजारपणात शरीराचं इन्सुलिन नीट काम करत नाही. साखर वाढली की लघवी फार होते, तहान लागते, शरीर सुकतं, गुंगी येते, जखम चिघळते. म्हणून सुरुवातीला दर चार ते सहा तासांनी बोटाला टोचून शुगर पाहतात. गंभीर रुग्णाची शुगर साधारण १४० ते १८० च्या दरम्यान ठेवण्याचा प्रयत्न असतो. लागलं तर इन्सुलिन देतात. "याला शुगर नाही, मग इन्सुलिन कशाला?" असं म्हणून भांडू नका.

उलटही होतं. पिशवीतून सतत साखर येत असते म्हणून शरीर इन्सुलिन जास्त सोडत असतं. अशात पिशवी एकदम बंद पडली तर इन्सुलिन तसंच राहतं आणि साखर झपकन उतरू शकते. दरदरून घाम, हातापायाला कंप, बरळणं, बेशुद्धी, अगदी झटकेही. म्हणून टीपीएन एकदम तोडत नाहीत, वेग कमी करत करत थांबवतात. एक्स-रेला नेताना, अंघोळ घालताना नळी आपल्या हातानं काढायची नाही. पंप वाजू लागला तर तो बंद करायचा नाही, सिस्टरला हाक मारायची.

उपाशी शरीराला एकदम खायला घातलं तर

आता सांगते तो धोका आपल्या वस्त्यांसाठी सगळ्यात महत्त्वाचा आहे. दुसऱ्या महायुद्धानंतर छावण्यांतून सुटलेले, हाडांचे सापळे झालेले कैदी खायला मिळाल्यावर दगावल्याच्या नोंदी आहेत. पुढे १९८१ साली अमेरिकेतल्या डॉक्टरांनी असेच दोन रुग्ण नोंदवले. दोघेही फार दिवसांचे कुपोषित होते. त्यांना शिरेतून जोमानं अन्न दिलं गेलं आणि ते दगावले. या प्रकाराला रिफीडिंग सिंड्रोम म्हणतात.

घडतं असं. बरेच दिवस उपाशी राहिलेलं शरीर साखर वापरणं कमी करतं आणि स्वतःची चरबी, स्वतःचे स्नायू जाळून जगतं. आतल्या फॉस्फेट, पोटॅशियम, मॅग्नेशियम या क्षारांचा साठा रिकामा होत जातो. रक्ताच्या रिपोर्टमध्ये मात्र ते ठीक दिसू शकतात. अशात एकदम भरपूर साखर आली की इन्सुलिन उसळतं आणि रक्तात उरलेले क्षार पेशींमध्ये ओढून नेतं. रक्तात ते धोकादायक पातळीपर्यंत घसरतात. हृदयाचे ठोके बिघडतात, श्वासाचे स्नायू थकतात, पायावर सूज येते, झटके येतात. हे बहुधा अन्न सुरू केल्यावर पहिल्या काही दिवसांत होतं. "कालपर्यंत बरा होता, आता तर खाणंही सुरू झालं होतं, मग अचानक काय झालं?" असं घरचे विचारतात, ते यामुळे.

कुणाला हा धोका जास्त? ब्रिटनच्या नाइस या संस्थेनं २००६ साली दिलेल्या मार्गदर्शनातले ठोकताळे घरच्या भाषेत असे आहेत:

• दहा दिवसांहून जास्त काळ पोटात जवळजवळ काही गेलेलं नाही.
• तीन ते सहा महिन्यांत वजन १५ टक्क्यांहून जास्त घटलंय. ५० किलोच्या माणसाचं साडेसात किलो.
• उंचीच्या मानानं वजन फारच कमी आहे. पाच फूट उंचीची बाई ३७ किलोच्या खाली असेल तर ती यात येते.
• अन्न सुरू करण्याआधीच पोटॅशियम, फॉस्फेट किंवा मॅग्नेशियम कमी आहे.

यातली एकही गोष्ट असली तरी धोका मोठा समजतात. पाच दिवसांहून जास्त उपास, दहा टक्क्यांहून जास्त वजनघट, थोडं कमी वजन, दारूचं व्यसन किंवा इन्सुलिन, केमो, लघवीच्या गोळ्या यांसारखी औषधं, यांपैकी दोन एकत्र असली तरी तेच.

आता आपली वस्ती डोळ्यांसमोर आणा. टीबीनं खंगलेला भाऊ, केमो चालू असलेली मावशी, दारूपायी जेवण सोडलेला शेजारी, स्वतः अर्धपोटी राहून घराला जेवू घालणारी आई. आपलं माणूस दवाखान्यात पोहोचतं तेव्हा बहुतेक वेळा या यादीत आधीच बसलेलं असतं.

उपाय महागडा नाही. अन्न थोडं सुरू करायचं, हळूहळू वाढवायचं. नेहमी ज्याला किलोमागे २५ ते ३० कॅलरी देतात, त्या धोक्याच्या रुग्णाला सुरुवातीला १० पर्यंतच देतात. म्हणजे ५० किलोच्या माणसाला दिवसाला ५०० कॅलरी. सोबत रोज क्षारांची तपासणी आणि कमी पडतील ते क्षार भरून देणं. तेव्हा "एवढी मोठी पिशवी आणि थेंब थेंब का सोडताय? वेग वाढवा की," असा आग्रह धरू नका. पंपाला किंवा बाटलीच्या चाकाला स्वतः तर हात लावायचाच नाही.

बी-१ नावाचं छोटं जीवनसत्त्व

साखरेचं ताकदीत रूपांतर व्हायला थायमिन, म्हणजे बी-१ जीवनसत्त्व लागतं. शरीरात त्याचा साठा काही आठवड्यांचाच असतो. ते नसताना साखर ओतली तर ती अर्धवट जळते, रक्तात आम्ल साचतं, आणि मेंदू व हृदयाला इजा होते. १९९७ साली अमेरिकेत शिरेतून द्यायच्या मल्टिव्हिटॅमिनचा तुटवडा पडला होता. तेव्हा टीपीएनमधून जीवनसत्त्वं न मिळालेल्या रुग्णांच्या रक्तात असंच आम्ल साचल्याचं तिथल्या सरकारी आरोग्य यंत्रणेनं नोंदवलं.

तयार मिळणाऱ्या तीन कप्प्यांच्या पिशवीत सहसा जीवनसत्त्वं नसतात, ती वेगळी घालावी लागतात. म्हणून हा प्रश्न जरूर विचारा: "पिशवीत मल्टिव्हिटॅमिन घातलंय का? थायमिन दिलंय का?"

हा धोका फक्त मोठ्या दवाखान्यापुरता नाही. मी वॉर्डात असताना एक हमाल आला होता, तिशीतला. दारू चालू आणि दहा-बारा दिवस जेवण नाही. अशक्तपणा म्हणून जवळच्या एका क्लिनिकमध्ये त्याला ग्लुकोजच्या बाटल्या लावल्या होत्या, सोबत काही नाही. दुसऱ्या दिवशी तो बरळू लागला, झोकांड्या खाऊ लागला, डोळ्यांची बुबुळं ठरेनात. घरच्यांना वाटलं बाहेरचं काही झालं, आणि दोन दिवस त्यात गेले. आमच्या डॉक्टरांनी शिरेतून थायमिन सुरू केलं. डोळे लवकर ठिकाणावर आले, चाल सुधारायला आठवडे लागले, पण विसराळूपणा कायमचा राहिला. असल्या रुग्णाची शुगर उतरलेली असेल तर ग्लुकोज लगेच द्यावंच लागतं, ते थांबवायचं नाही. पण थायमिन सोबत हवंच. घरात दारू पिणारं कुणी असेल तर लाज बाजूला ठेवून डॉक्टरांना आधी तेच सांगा. त्या एका वाक्यावर एक स्वस्त इंजेक्शन वेळेत मिळतं.

यकृत, चरबी आणि श्वास

शिरेतलं अन्न आठवड्यांवर लांबलं की यकृतावर ताण येतो. गरजेपेक्षा जास्त साखर यकृतात चरबी बनून साचते. आतडं रिकामं राहिलं की पित्त साकळतं, पित्ताशयात गाळ आणि खडे होऊ शकतात, डोळे पिवळे दिसू लागतात. अपुऱ्या दिवसांच्या बाळांना हा त्रास लवकर होतो. पिशवीतल्या स्निग्ध पदार्थांमुळे रक्तातली चरबीही वाढू शकते. म्हणून यकृताची आणि चरबीची तपासणी साधारण आठवड्याला करतात. डॉक्टर परवानगी देतील तेव्हा तोंडानं किंवा नाकातल्या नळीनं अगदी थोडं अन्न सुरू करणं हाच यावरचा चांगला उपाय. परवानगी नसताना मात्र लपूनछपून चहा-बिस्कीट भरवू नका.

अति साखरेमुळे शरीरात कार्बन डायऑक्साइड जास्त तयार होतो. धडधाकट माणूस तो श्वासावाटे टाकतो. व्हेंटिलेटरवरच्या थकलेल्या रुग्णाला ते जड जातं आणि मशीन सुटायला वेळ लागतो. शिवाय सेंट्रल लाईनला जंतू लागण्याची भीती असते. थंडी वाजून ताप आला किंवा नळीची जागा लाल झाली तर लगेच सांगा.

उशाशी बसणाऱ्यानं काय करायचं?

एक छोटी वही ठेवा. ॲडमिट करतानाच तीन गोष्टी लिहून डॉक्टरांना द्या: किती दिवसांपासून नीट जेवण नाही, वजन आधी किती होतं आणि आता किती आहे, आणि दारू, शुगर किंवा इतर गोळ्या कोणत्या चालू आहेत. दवाखान्याच्या कागदावर हे आपोआप येत नाही. आपण सांगितलं तरच येतं.

टीपीएन सुरू होणार असेल तर शांतपणे विचारा:

• तोंडानं किंवा नाकातल्या नळीनं अन्न का देता येणार नाही?
• रुग्णाला रिफीडिंगचा धोका आहे का? थायमिन आधी दिलं का?
• शुगर किती वेळानं पाहणार? आजचा आकडा काय?
• पोटॅशियम, फॉस्फेट, मॅग्नेशियम तपासलं का? पुन्हा कधी?
• तोंडानं खाणं कधी सुरू करता येईल?

रोजचे आकडे तारखेसह वहीत लिहा. घरातल्या शिकलेल्या मुलीला हे काम द्या, ती चोख करेल. आणि रुग्ण बरळू लागला, धाप लागली, छाती धडधडली, घाम फुटला, पाय सुजले किंवा लघवी फार होऊ लागली, तर सकाळच्या राउंडची वाट न पाहता त्याच क्षणी सांगा.

"आम्हाला कोण सांगतं? विचारलं की खेकसतात," असं आपल्या बायका म्हणतात. मी डिप्लोमा करून वॉर्डात काम केलंय, त्यामुळे हे खोटं नाही हे जाणते. एका सिस्टरकडे चाळीस-चाळीस रुग्ण असतात, हेही खरं आहे. पण विचारणं हा उपकार मागणं नाही. उपचाराची माहिती मिळणं हा रुग्णाचा हक्क आहे. भारतीय वैद्यक परिषदेच्या २००२ च्या नियमांनुसार मागणी केल्यावर ७२ तासांत केसपेपरच्या प्रती द्याव्या लागतात. महाराष्ट्रात २०२१ च्या सुधारित शुश्रूषागृह नियमांनुसार खासगी दवाखान्यांनी रुग्णहक्कांची सनद दिसेल अशी लावायची आहे. टीपीएन महाग असतं. धर्मादाय दवाखान्यांत १० टक्के खाटा निर्धन रुग्णांसाठी मोफत आणि १० टक्के दुर्बल घटकांसाठी सवलतीत राखून ठेवलेल्या असतात. त्यासाठी रेशन कार्ड, उत्पन्नाचा दाखला आणि आधार कार्ड पहिल्याच दिवशी सोबत न्या आणि समाजसेवा अधिकाऱ्यांना भेटा.

आणि घरी? नुसता अशक्तपणा आला म्हणून "एक बाटली लावा" म्हणत क्लिनिकमध्ये जायची सवय सोडू या. तोंडानं खाता येत असेल तर त्या पैशांत अंडी, डाळ, शेंगदाणे, केळी येतात. बरेच दिवस उपाशी राहिलेल्या, खूप खंगलेल्या माणसाला मात्र घरीही एकदम ताट वाढू नका. आधी डॉक्टरांना दाखवा. मग पेज, वरणाचं पाणी, मऊ भात, असं थोडं थोडं, दिवसातून पुष्कळ वेळा.

हगवणीनं आजारी, स्वतःच्याच घाणीत पडलेल्या भिक्खूला भगवान बुद्धांनी आनंदासोबत स्वतः धुऊन अंथरुणावर निजवलं, ही कथा आपण विहारात ऐकतो. त्याच ठिकाणी विनयपिटकात सेवा करणाऱ्याचे आणि रुग्णाचे गुण सांगितले आहेत. सेवा करणाऱ्याला काय मानवतं आणि काय नाही हे कळावं. रुग्णानं आपला त्रास जसा आहे तसा सांगावा, आणि हिताच्या गोष्टीतही मात्रा ओळखावी. शिरेतून जाणाऱ्या अन्नाला हे तंतोतंत लागू पडतं.

येत्या पौर्णिमेला वंदनेनंतर महिला मंडळानं हा लेख मोठ्यानं वाचावा, आणि वरचे पाच प्रश्न एका कागदावर लिहून विहाराच्या फलकावर लावावेत. ज्या घरातलं माणूस दवाखान्यात जाईल, त्या घरानं त्याचा फोटो मोबाइलमध्ये काढून न्यावा.